लेकराचे दूध आणि आपली घाई

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी घरोघरी उपयोगी पडेल असा एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम अभ्यासाच्या सवयी, परीक्षा, शिष्यवृत्त्या असे विषय मनाशी योजले होते. परंतु शाळेतील पालकसभा आठवून पाहिल्या, तर कडेवर मूल घेऊन आलेल्या माता थोरल्याच्या गुणांविषयी एक प्रश्न विचारतात आणि कडेवरच्याविषयी चार. त्या चारांतील एक प्रश्न ठरलेला असतो. “गुरुजी, हे पोर साखर घातल्याशिवाय दुधाला तोंडच लावत नाही. काय करावं?” आम्ही प्रशिक्षण घेताना बालमानसशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ चाळले होते. त्यांत दुधाचा पेला कोठे आल्याचे स्मरत नाही. पुढे हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला व त्याची किंमत आमच्या धाकट्याने दिली. म्हणून हा विषय.

तो अडीच वर्षांचा असतानाची गोष्ट. त्याच्या वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरडीलगत, खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. त्या दुधाच्या असतील असे समजून आम्ही फडक्याने पुसून पाहिल्या व सोडून दिल्या. काही महिन्यांत त्या रेघा पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा चावताना एका दाताचा कोपराच तुटून हातात आला. बेळगावी दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी मुलाचे तोंड मिनिटभर पाहिले आणि विचारले, “रात्री निजताना बाटलीत काय देता?” आम्ही म्हटले, “दूध.” त्यांनी विचारले, “नुसते?” आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. नुसते दूध त्या बाटलीत कधी गेलेच नव्हते. दोन चमचे साखर ही दुधाचाच भाग आहे, असे आमच्या घराने केव्हाच ठरवून टाकले होते.

रोगाची रीत अशी आहे. दातांवर बसणाऱ्या सूक्ष्म जंतूंना साखर हे आयते खाद्य मिळते. ती खाऊन ते आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दाताच्या कवचातील खनिज विरघळविते. दिवसा तोंडात लाळ सुटते व ती हे आम्ल धुऊन टाकते. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे निजताना तोंडात राहिलेले गोड दूध रात्रभर पुढच्या दातांभोवती साचते. नुसत्या दुधाची बाटलीसुद्धा तोंडात ठेवून मुलास निजविणे चांगले नाहीच, पण साखर घातली की अपाय पुष्कळच वाढतो. त्या पांढऱ्या रेघा म्हणजे पहिली सूचना असते आणि त्या अवस्थेत काळजी घेतली तर दात सावरण्यास वाव असतो. आम्ही ती सूचना फडक्याने पुसली.

“दुधाचेच दात, पडायचेच आहेत,” असे आम्हांस कित्येकांनी समजावले. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे, परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि त्यांच्या आधारानेच पक्क्या दातांची जागा राखली जाते. शिवाय आम्ही पडलो भाषाशिक्षक. पहिलीच्या वर्गात त, थ, द, ध म्हणताना जीभ टेकायला दातच नसले, म्हणजे ते पोर कसे अवघडून बसते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

आता थोडे गणित. एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे एक हजार उष्मांक लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावेत व पाच टक्क्यांच्या आत राहिले तर अधिक चांगले. एक ग्रॅम साखरेत चार उष्मांक. म्हणजे हजाराच्या दहा टक्के धरले तरी साखर पंचवीस ग्रॅम आणि पाच टक्के धरले तर बारा-साडेबारा ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर सपाट भरली तर चार ग्रॅमच्या आसपास, आजीच्या हाताने भरली तर पाचाच्या पुढे. दोन-दोन चमचे तीन वेळा दिले, की दिवसाची सगळी मर्यादा दुधातच संपली. बिस्किट, चॉकलेट, दुकानदाराने हातावर ठेवलेली लिमलेटची गोळी यांचा हिशेब अजून बाकीच आहे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१६ साली स्पष्टच सांगितले, की दोन वर्षांखालील मुलास वरची साखर मुळीच देऊ नये.

गूळ घातला, खडीसाखर घातली, मध घातला म्हणजे सुटलो, असे कोणी समजू नये. दाताच्या जंतूंना हा भेद कळत नाही. मधाविषयी तर विशेष सावधपणा हवा. तान्ह्याच्या जिभेला मध लावण्याची चाल आपल्याकडे सर्वच समाजांत कमीअधिक आहे, परंतु एक वर्षाखालील मुलास मध अजिबात देऊ नये. मधात क्वचित असणाऱ्या एका जंतूच्या बीजांपासून तान्ह्या मुलांस जिवावरचा आजार होऊ शकतो. खजुराचेही तसेच पाहावे. वर्षावरच्या मुलास मऊ खजुराचा बी काढलेला बारीक तुकडा जरूर खाऊ द्यावा, पण तो वाटून दुधात मिसळू नये. खजूर खजुराच्या चवीचा राहू द्यावा आणि दूध दुधाच्या.

पण मूल साखर मागते कशासाठी? याचा विचार आम्ही दात गेल्यानंतर केला, आधी केला असता तर बरे झाले असते. गोडाची ओढ मनुष्यास जन्मतःच असते व ती उगीच नाही. आईच्या दुधाच्या शंभर मिलिलिटरमध्ये सुमारे सात ग्रॅम दुग्धशर्करा असते, तर गाईम्हशींच्या दुधात साडेचार-पाच ग्रॅम. अंगावरून सुटून पेल्याकडे आलेल्या लेकरास नवे दूध थोडे फिके लागणे अगदी साहजिक आहे. ही दुग्धशर्करा गोडीलाही सौम्य असते, जिभेला ती हळूहळूच कळू लागते. ती कळण्यापूर्वीच आपण वर दोन चमचे साखर ओततो, आणि मग ती कधीच कळत नाही. कुराणशरीफात ज्यांना पूर्ण मुदत पाळावयाची आहे त्यांच्यासाठी अंगावर पाजण्याची दोन वर्षे सांगितली आहेत. आजचे वैद्यकही दोन वर्षे व पुढेही पाजावे असेच म्हणते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर त्याच्या जोडीला मऊ अन्न, आणि गाईम्हशीचे दूध पेल्याने पिण्यास द्यावयाचे ते वर्षानंतर. ही शिस्त पाळली, तर निम्मा झगडा उभाच राहत नाही.

आमच्या जोयडा तालुक्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जुनी माणसे अजून सुपे तालुका म्हणतात. काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात जुने सुपे गाव गेले, कुटुंबे रामनगरला व इतरत्र वसली, आणि गाव सुटले तसा कित्येकांचा गोठाही सुटला. आज एकाच घरात चार दिवस गवळ्याकडचे म्हशीचे दूध येते आणि पाचव्या दिवशी पिशवीचे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, पिशवीच्या ‘टोन्ड’ दुधात तीन टक्के. आषाढ-श्रावणात जोराचा पाऊस लागला आणि गाडी वेळेवर आली नाही, की मग पावडरीचे. मोठ्यांना चहात हा फरक कळत नाही. दोन वर्षांच्या जिभेला तो लख्ख कळतो! त्यात चुलीवर तापविलेल्या दुधाला धुराचा वास, फ्रीजमध्ये उघडे राहिलेल्या दुधाला कांद्याचा वास, वर तरंगणारी साय. पोर तोंड फिरविते ते पुष्कळदा यांपैकी कशाला तरी फिरविते. आपण कारण शोधीत नाही, साखरेने ते झाकून टाकतो. आमच्या धाकट्याचा वैरी साय निघाली. दूध गाळून दिल्याबरोबर निम्मी कुरकुर थांबली, आणि ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला अडीच वर्षे लागली, हे सांगताना संकोच वाटतो.

दुधाने तोंड पोळले म्हणजे ताकही फुंकून पितात, ही म्हण तर लहान मुलांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे. घाईच्या सकाळी एकदा कढत दूध ओठाला लागलेले मूल पुढे आठ-आठ दिवस पेला पाहून रडते. दूध मनगटावर थेंब टाकून पाहावे. काही मुलांना कोमटही नको असते, त्यांना उकळून गार केलेले आवडते. त्यात काही बिघडत नाही. मात्र गवळ्याकडचे दूध उकळल्याशिवाय कधीही देऊ नये, न उकळलेल्या दुधातून जनावरांचे रोग माणसाला होतात.

आता साखर कशी सोडविली ते सांगतो. बाटली आम्ही एकदमच बंद केली. तीन रात्री रडण्यात गेल्या, चौथ्या रात्री तो पाण्याचे दोन घोट घेऊन निजला. साखर मात्र एकदम बंद केली नाही. पहिल्या दिवशी डबीतील चमचा काढून टाकला व मापाचा चमचा ठेवला, कारण कमी करावयाचे तर आधी किती घालतो ते कळले पाहिजे. दोन चमच्यांवरून दीड, पाच दिवसांनी सव्वा, पुन्हा पाच दिवसांनी एक, असे उतरत गेलो. अर्ध्या चमच्याशी त्याने बंड केले. तेथे दहा दिवस थांबलो, मागे गेलो नाही. दोन महिन्यांच्या आत चमचा कोरडा झाला. ज्यांच्या घरी साखर नुकतीच सुरू झाली आहे, त्यांनी ती सरळ थांबवावी, पायऱ्यांची गरज नाही.

पेला बदलला हेही महत्त्वाचे. भरलेला मोठा पेला पाहूनच मूल हबकते. आम्ही लहान फुलपात्र घेतले व त्यात चार घोट दूध. संपले तर तो आणखी मागे, नाही तर आम्ही काही बोलत नसू. पुढे त्यास छोट्या तांब्यातून स्वतः ओतू दिले. ओट्यावर दूध सांडले, फरशीवर सांडले, पण स्वतः ओतलेले दूध तो सहसा टाकीत नसे. १९४५ साली बोर्डीला खेड्यातील बालशिक्षणाचे काम उभारणाऱ्या ताराबाई मोडकांनी मुलांना स्वतःची कामे स्वतः करू देण्यावर भर दिला होता. आम्ही ते शाळेत शिकविले व घरी विसरलो होतो.

घरात खरा विरोध झाला तो आमच्या अम्माचा. “फीका दूध कौन पीता रे? बच्चे पे ऐसा जुलूम!” असे म्हणून त्या पदराआड साखरेची चिमूट घेऊन येत. त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या लहानपणी साखर ही सणाची, आजारपणाची, लाडाची वस्तू होती. नातवास साखर देणे म्हणजे त्यास राजा करणे. आम्ही वाद घातला नाही. दंतवैद्यांकडच्या पुढच्या खेपेस त्यांनाच बरोबर नेले. दात साफ करताना नातू किंचाळला तो आवाज त्यांनी बाहेर बसून ऐकला. त्या दिवसापासून चिमूट बंद झाली.

पाठीमागे पेला घेऊन धावणे, ‘पोलीस येईल’ म्हणणे, मोबाईलवर चित्रे लावून नकळत घोट उतरविणे, हे सर्व उपाय आम्ही करून चुकलो आहोत. त्याहून सभ्य वाटणारा उपाय म्हणजे बक्षीस, ‘दूध प्यायलास तर बाहेर नेईन.’ याविषयी एक गमतीचा प्रयोग आहे. १९८४ साली अमेरिकेत लीन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना केफिर नावाच्या आंबविलेल्या दुधाचे नवे पेय दिले. काही मुलांना ते प्यायल्याबद्दल बक्षीस मिळे, काहींना ते नुसतेच समोर ठेवले जाई. बक्षीसवाल्या मुलांची त्या पेयाविषयीची आवड उलट कमी झाली. मुलाचा हिशेब सरळ आहे, ज्यासाठी लाच द्यावी लागते ती वस्तू वाईटच असली पाहिजे. याउलट, काही न बोलता तीच वस्तू पुनःपुन्हा समोर आली तर नावड ओसरते. त्यासाठी कधी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. आपण तिसऱ्या वेळीच साखरेची डबी उघडतो.

संगतीचे बळ तर शाळेत डोळ्यांनी दिसते. कर्नाटक शासनाने १ ऑगस्ट २०१३ रोजी क्षीरभाग्य योजना सुरू केली व शाळांतील आणि अंगणवाड्यांतील मुलांना दीडशे मिलिलिटर दूध मिळू लागले. घरी दुधाच्या नावाने पळणारी पोरे रांगेत बसली, की शेजारच्याचा पेला रिकामा झालेला पाहून आपलाही रिकामा करतात. घरी ही रांग कोठून आणावी? आपणच बसावे. आम्ही दोघे सकाळी त्याच्याबरोबर अर्धा अर्धा पेला बिनसाखरेचे दूध घेऊ लागलो. पहिला आठवडा आम्हांसच जड गेला हे कबूल केले पाहिजे. स्वतः तीन चमच्यांचा चहा भुरकीत मुलास फिके दूध गोड मानून घे म्हणणे, यात काही न्याय नव्हता.

दुधात घालावयाच्या शक्तिवर्धक पुडींविषयी चार शब्द. पुष्कळ डब्यांत साखर हा मोठा घटक असतो. डबा उलटा करून घटकांची यादी वाचावी, जे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर छापले आहे तेच आत अधिक आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने अशी पेये ‘आरोग्यपेय’ या सदराखाली विकू नयेत असे संकेतस्थळांवरून माल विकणाऱ्या कंपन्यांना कळविले. चव बदलावयाचीच असेल तर चिमूटभर वेलदोडा किंवा जायफळाचा वास पुरतो.

इतके करूनही काही मुले दूध पीत नाहीत. आमच्या शेजारची एक मुलगी अशीच. साय काढली, पेला बदलला, दोन महिने वाट पाहिली, तिने दुधास होकार दिला नाही. तिच्या आईच्या डोळ्यांस पाणी आले. आम्ही त्यांना म्हटले, “भाभी, दुधासाठी एवढं कशाला? त्यातलं जे हवं ते दुसरीकडून देऊ.” एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात ते सुमारे एकशेवीस, तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. दही, ताक, ताकातील नाचणीची आंबील, घरचे पनीर हे सारे चालते. आंबील करताना पीठ चांगले शिजवावे व मग ताक घालावे. आमच्याकडील सुरण, कोनफळ, रताळी ही कंदमुळे पोटभरीची उत्तम, रोजच्या ताटात ती असावीतच, पण त्यांनी दुधाची जागा भरत नाही, तेथे दही-नाचणीच हवी. दूध प्यायल्यावर ज्याचे पोट फुगते, जुलाब होतात, त्याला दूध बाधत असेल, दही बहुधा सोसते. अंगावर पित्त उठणे, शौचातून रक्त पडणे, पुन्हापुन्हा ओकारी, असे दिसले तर मात्र घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे. वजन न वाढणाऱ्या मुलाच्या आहारातील काहीही स्वतःच्या मनाने कमी करू नये. आणि जुलाबात देतात ते साखर-मिठाचे पाणी हे औषध आहे, त्यातील साखर काढून टाकण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

उलट टोकही आम्ही पाहिले आहे. गोड दूध दिवसाला लिटरभर पिणारे, गुटगुटीत पण पांढरेफटक मूल. दुधात लोह फारच थोडे असते. पोट दुधानेच भरले, की भाकरी, डाळ, पाला, अंडे, मासळी यांना जागा उरत नाही आणि रक्त कमी पडते. दिवसाकाठी दोन लहान पेले पुष्कळ झाले, अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नये, व तेही जेवणाच्या ऐन आधी देऊ नये.

ईदच्या दिवशी आमच्या घरी शीरखुर्मा होतो व धाकटाही वाटीभर खातो. सणाच्या गोडावर आमचे भांडण नाही. त्या दिवशी दात घासून निजविले म्हणजे झाले. अडचण येते ती पाहुण्यांकडे. प्रेमाने पुढे केलेला गोड दुधाचा पेला परत कसा करावा? आम्ही पोहोचताच सांगून टाकतो, “याचं दूध फिकंच असू द्या, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलंय.” डॉक्टरांचे नाव घेतले, की कोणास राग येत नाही. शेजारच्या भाभी आता सकाळी आंबीलच करतात, जास्त झाली की एक वाटी आमच्याकडे येते, आणि ती अम्मा पिऊन टाकतात, बिनसाखरेची.